संमतीपत्रानंतरचे तास

अवयवदानाचा प्रश्न आपल्याकडे बहुतांशी इच्छेचा प्रश्न म्हणून मांडला जातो. लोकांची तयारी नाही, रूढ समजुती आड येतात, मृतदेहाची चिरफाड होईल या कल्पनेने नातेवाईक कचरतात आणि म्हणून प्रबोधन झाले पाहिजे, ही मांडणी आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यापलीकडे विचार करण्याजोगे काही उरते याचेच विस्मरण व्हावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ३ ऑगस्ट १९९४ रोजी डॉ. पी. वेणुगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय-प्रत्यारोपण केले. त्याच्या स्मरणार्थ २०२३ पासून ३ ऑगस्ट हा अवयवदान दिन म्हणून पाळण्यात येतो. त्या दिवशी शाळा-महाविद्यालयांतून प्रभातफेऱ्या निघतात, प्रतिज्ञापत्रे भरून घेतली जातात. या उपक्रमांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि प्रतिज्ञापत्र भरणारा नागरिक आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीतील रुग्ण या दोघांच्या मध्ये एका अतिदक्षता विभागातील एक खाट आणि बारा ते चोवीस तासांचा काळ उभा असतो. त्या खाटेवर त्या काळात काय केले जाते आणि काय राहून जाते, यावर इच्छेचे रूपांतर अवयवात होणार की नाही हे ठरते. सार्वजनिक चर्चेत या तासांना जवळजवळ स्थानच नाही.

प्रथम थोडी आकडेवारी. २०१३ साली देशात पाच हजारांपेक्षा कमी प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ साली ती १८,३७८ वर गेली. दहा वर्षांत साडेतीनपटीहून अधिक वाढ ही समाधानाची बाब खरीच. परंतु या बेरजेचे घटक वेगळे करून पाहिले की समाधान ओसरते. २०२३ साली मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांची संख्या होती १,०९९. देशात ती एक हजाराच्या पुढे गेली ती त्याच वर्षी प्रथम. दहा लाख लोकसंख्येमागे एक दाता, एवढेही प्रमाण आपण गाठलेले नाही. उरलेले दाते जिवंत होते आणि त्यांची संख्या पंधरा हजारांहून अधिक होती. या जिवंत दात्यांत स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून बरेच अधिक आहे हे जाता जाता नमूद केले पाहिजे. मृताचे मूत्रपिंड वाया जाते तेव्हा त्याची भरपाई पुष्कळदा कोणाच्या तरी आईला किंवा पत्नीला आपल्या देहातून करावी लागते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २०२३ साली राज्यात मरणोत्तर दाते सुमारे दीडशे होते. लोकसंख्येने महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असलेल्या तेलंगणात त्याच वर्षी ते २५२ होते. तेलंगणातील जनता महाराष्ट्रातील जनतेपेक्षा कित्येक पट अधिक परोपकारी आहे असे समजण्यास काही आधार नाही. तेव्हा फरकाचे कारण अन्यत्र शोधावयास हवे.

ते शोधण्यापूर्वी मेंदूमृत्यूनंतर देहात काय घडते हे समजून घेणे अगत्याचे आहे. अपघातातील डोक्याची इजा किंवा मेंदूतील रक्तस्राव यांमुळे कवटीच्या बंदिस्त पोकळीतील दाब वाढत जातो आणि अखेरीस मेंदूचा देठ, म्हणजे श्वसन, जाणीव आणि शरीरातील अनेक स्वयंचलित व्यवहारांचे नियंत्रण करणारे केंद्र, निकामी होतो. श्वास कायमचा थांबतो. कृत्रिम श्वासयंत्राने प्राणवायू पुरविला जात असल्यामुळे हृदय मात्र काही काळ धडधडत राहते, कारण हृदयाची मूळ लय हृदयातच निर्माण होते. सामान्य माणसाचा गोंधळ होतो तो येथेच. छाती वरखाली होते आहे, हात कोमट लागतो आहे, पडद्यावर नाडीची रेघ चालू आहे आणि डॉक्टर सांगतात की हा माणूस गेला.

मात्र या स्थितीला स्थैर्य नसते. देठ मरत असताना शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा एक लोंढा उसळतो. रक्तदाब एकाएकी चढतो, हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते, फुप्फुसांत पाणी साठू शकते. हा लोंढा ओसरला की उलटे घडते. रक्तवाहिन्यांना ताण देणारे मज्जासंस्थेचे आदेश बंद पडतात, वाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब कोसळतो. पियूषिका ग्रंथीकडून येणारे, मूत्राचे प्रमाण आवरून धरणारे संप्रेरक येईनासे होते आणि मूत्रपिंडे लिटरमागून लिटर पाणी बाहेर टाकू लागतात. ते वेळीच भरून काढले नाही तर रक्तातील सोडियम चढते, आणि ते १५५ च्या पुढे जाऊन तेथेच राहिले तर यकृत नाकारले जाण्याचा संभव वाढतो. शरीराचे तापमान राखणारी यंत्रणाही मेंदूबरोबरच गेलेली असते. साहजिकच देह खोलीच्या तापमानाकडे ढळू लागतो, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, हृदयाची लय बिघडते. सारांश, नातेवाईक संमतीपत्रावर सही करीत असतात त्याच वेळी ज्यासाठी ती सही आहे ते अवयव घटकेघटकेने निकामी होण्याच्या मार्गावर असतात. मेंदूमृत्यूचे निदान झाले, घरच्यांनी होकार दिला आणि शस्त्रक्रियेचे पथक पोचण्यापूर्वीच हृदय थांबले, हे प्रसंग प्रत्यारोपणाच्या क्षेत्रातील सर्वांच्या परिचयाचे आहेत.

यावरचा इलाज गूढ नाही, आणि ही गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. शिरेतून मोजून-मापून द्रव देणे, रक्तदाब टिकविण्यासाठी औषधे देणे व त्यांत व्हॅसोप्रेसिनला प्राधान्य देणे, मूत्राचा ओघ आवरण्यासाठी डेस्मोप्रेसिन देणे, स्टेरॉइड देणे, सोडियम आणि साखर तासातासाला पाहणे, अंग उबदार राखणे, कूस बदलणे, श्वासनलिकेतील स्राव काढत राहणे. वैद्यकीय विद्यार्थ्यांना हे लक्षात राहावे म्हणून एक ‘शंभरचा नियम’ शिकविला जातो : वरचा रक्तदाब शंभराच्या वर, मूत्र तासाला शंभर मिलिलिटरच्या वर, रक्तातील प्राणवायूचा दाब शंभराच्या वर, हिमोग्लोबिन लिटरमागे शंभर ग्रॅमच्या वर. यांतील बहुतेक साधने चांगल्या जिल्हा रुग्णालयात उपलब्ध असतात, निदान असावयास हवीत. लागते ते सतत लक्ष. अशा रुग्णालयात यंत्रापेक्षा लक्ष दुर्मीळ असते हा भाग वेगळा.

एवढ्याने कितीसा फरक पडतो, असे कोणी विचारील. इंग्लंडमधील पॅपवर्थ रुग्णालयाच्या पथकाने १९९५ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिलेल्या १५० दात्यांपैकी ५२ दाते प्रथमदर्शनी हृदयदानाच्या निकषांत बसत नव्हते. रूढ पद्धतीने त्यांना नाकारलेच गेले असते. रक्ताभिसरणाची काटेकोर देखरेख करून काही तास उपचार केल्यावर त्या ५२ पैकी ४४ जणांचे अवयव प्रत्यारोपणास योग्य ठरले. फुप्फुसांच्या बाबतीतला पुरावा याहून बोलका आहे. युरोपातील बारा अतिदक्षता विभागांत ११८ संभाव्य दात्यांवर झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग असा होता : निम्म्या जणांना नेहमीप्रमाणे श्वासयंत्राने मोठे श्वास दिले, उरलेल्यांना लहान श्वास दिले व प्रत्येक श्वासाअखेर फुप्फुसांत थोडा अधिक दाब टिकवून ठेवला. सहा तासांच्या निरीक्षणानंतर पहिल्या गटात ५४ टक्के जणांची फुप्फुसे निकषांस उतरली, दुसऱ्या गटात ९५ टक्के. प्रत्यक्षात काढून घेतलेल्या फुप्फुसांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेले. यासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागले नाही. आहे त्याच यंत्राच्या दोन खुंट्या निराळ्या फिरविल्या गेल्या.

अमेरिकेतील २०१५ सालचा एक प्रयोगही लक्षणीय आहे. मेंदूमृत दात्याचे तापमान नेहमीच्या पातळीऐवजी ३४ ते ३५ अंश सेल्सिअसवर ठेवले असता, मूत्रपिंड बसविल्यानंतर ते सुरू होण्यास विलंब लागलेल्या रुग्णांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आले. पुढे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काढलेले मूत्रपिंड यंत्रातून द्रव खेळवीत ठेवण्याची पद्धत यापेक्षा सरस ठरली. श्रीमंत देश अर्थातच त्या यंत्राकडे वळतील. पण देह एक-दोन अंशांनी थंड ठेवण्यास पैसे लागत नाहीत, ही गोष्ट गरीब देशाने विसरता कामा नये. त्याच वर्षी आणखी एका अभ्यासाने डोळ्यांत अंजन घातले. दात्याचे हृदय टिकावे म्हणून थायरॉइडचे संप्रेरक देण्याची चाल कित्येक दशके अनेक ठिकाणी रूढ होती. ८३८ दात्यांवर तिची रीतसर परीक्षा झाली तेव्हा संप्रेरक दिलेल्या गटात प्रत्यारोपित झालेली हृदये ५४.९ टक्के आणि न दिलेल्या गटात ५३.२ टक्के निघाली. फरक नाही म्हणण्याइतकाच. वर्षानुवर्षे श्रद्धेने चालत आलेले औषध निरुपयोगी आणि कोणाच्या खिजगणतीत नसलेली श्वासयंत्राची मात्रा निर्णायक, असा हा निकाल आहे.

आता कायद्याकडे वळू. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने १९९४ साली संमत केला तो ज्या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केले होते त्यांच्या आधारावर, आणि ती राज्ये होती गोवा, हिमाचल प्रदेश व महाराष्ट्र. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे डॉ. बर्नार्ड यांच्या जगप्रसिद्ध शस्त्रक्रियेनंतर अवघ्या अडीच महिन्यांत, हृदय-प्रत्यारोपणाचा प्रयत्न केला होता. रुग्ण वाचला नाही, पण देशात या विषयाचा विचार कोठे सुरू झाला हे त्यावरून कळते. असा वारसा असलेल्या राज्याने आज दीडशेच्या आकड्यावर रेंगाळावे याचे वैषम्य वाटल्यावाचून राहत नाही.

कायद्यानुसार मेंदूस्तंभाचा मृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने प्रमाणित करावा लागतो, आणि तोही दोनदा. दोन तपासण्यांत किमान सहा तासांचे अंतर असावे लागते. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कोणीही त्या मंडळात असता कामा नये. मज्जाविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक उपलब्ध नसेल तर त्याच्या जागी मान्यताप्राप्त शल्यचिकित्सक, भिषग्वर्य, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता-तज्ज्ञ चालेल, अशी सोय २०११ च्या दुरुस्तीने केली. प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयांतही अवयव काढून घेण्याची मुभा त्याच दुरुस्तीने दिली. हे सर्व योग्यच आहे. दोन तपासण्यांतले सहा तास हे समाजाच्या विश्वासासाठी मोजलेले मोल आहे आणि ते कमी करण्याची घाई कोणी करू नये. परंतु त्या सहा तासांत देह सांभाळावा कोणी, हे कायदा सांगत नाही. शिवाय संभाव्य दात्यांतील पुष्कळसे अपघातग्रस्त असल्याने पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन यांची भर पडते. अवयवदानासाठीचे शवविच्छेदन सूर्यास्तानंतरही करता येईल असे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर केले तोपर्यंत मावळत्या सूर्याचीही या हिशेबात गणना करावी लागत होती.

कायद्यातील एक विसंगती तर रोजच्या कामात आडवी येते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या अधिनियमात मृत्यूची व्याख्या जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या लोपणे अशी आहे. मेंदूस्तंभाच्या मृत्यूची व्याख्या आहे ती केवळ प्रत्यारोपणाच्या कायद्यात. परिणामी, घरच्यांनी अवयवदानास होकार दिला तर तो माणूस मृत, आणि नकार दिला तर श्वासयंत्रावर पडून राहिलेला रुग्ण, अशी चमत्कारिक अवस्था निर्माण होते. मृत्यू हा नातेवाइकांच्या उत्तरावर अवलंबून राहू लागला तर डॉक्टरांनी त्याची घोषणा करण्यास का धजावे? ज्याची घोषणा झाली नाही त्या मृत्यूनंतरची निगा कोणी राखत नाही. देह सांभाळण्याचा विचार निदानापासून सुरू होतो आणि निदानच लांबणीवर पडले तर पुढचे सगळे ज्ञान पुस्तकात राहते.

प्रश्नाची आर्थिक बाजू यापुढे येते, आणि बरेचसे उत्तर तेथेच दडलेले असावे. अतिदक्षता विभागातील खाट ही सार्वजनिक रुग्णालयातील सर्वांत दुर्मीळ वस्तू. बाहेर वऱ्हांड्यात जिवंत रुग्ण ताटकळत असताना जो मृत ठरला आहे त्याला एक दिवस अधिक ती खाट, ती औषधे आणि ती परिचारिका द्यावयाची, हा निर्णय कोणत्याही विभागप्रमुखाला जड जाईल. त्यात लाभ मिळतो तो दुसऱ्याच रुग्णालयाला. जिल्ह्यातील रुग्णालयाने रात्रभर जागून देह राखावा, आणि सकाळी मोठ्या शहरातील पथकाने येऊन अवयव न्यावेत. खर्च एकाच्या खाती, फळ दुसऱ्याच्या पदरी. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य लाभ म्हणतात त्याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही, आणि ज्या कृतीचा लाभ करणाऱ्याला मिळत नाही ती कृती समाजाला हवी त्यापेक्षा कमीच होते हाही त्या शास्त्राचा जुना सिद्धांत आहे. २०१४ च्या नियमांनी दात्याच्या देहाची निगा, अवयव काढणे आणि त्यांची वाहतूक यांचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडू नये असे स्पष्ट केले, ही स्तुत्य गोष्ट झाली. पण तो खर्च कोणी सोसावा याबाबत मात्र रुग्ण, संस्था, सरकार किंवा स्वयंसेवी संघटना अशी यादी देऊन निर्णय राज्यांवर सोपविला. चौघांच्या माथी लादलेले काम कोणाचेच नसते.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही तोलून पाहावे. एका दात्याची दोन मूत्रपिंडे दोन रुग्णांना मिळाली, इतकेच धरू. हृदय, यकृत, फुप्फुसे क्षणभर बाजूला ठेवू. डायलिसिसवरील रुग्णाला वैद्यकशास्त्राच्या अपेक्षेप्रमाणे आठवड्याला तीन खेपा, दर खेपेस चार तास असे धरले तर वर्षाला १५६ खेपा होतात, दोघांच्या ३१२. तास झाले १,२४८. म्हणजे एक यंत्र अहोरात्र बावन्न दिवस चालावे एवढे काम दरवर्षी वाचते. प्रत्यारोपणानंतरची औषधे जन्मभर घ्यावी लागतात आणि ती स्वस्त नाहीत, हे खरे. शस्त्रक्रियेचा खर्चही वजा करावा लागेल. तरीदेखील अतिदक्षता विभागातील एका खाटेचा एक दिवस आणि डायलिसिस यंत्राचे वर्षाकाठचे बावन्न दिवस ही तुलना करताना कोणाही हिशेबनीसाला फार वेळ लागू नये. त्यात रुग्णाची बुडालेली मजुरी, त्याला आठवड्यातून तीनदा तालुक्याहून शहरात आणणाऱ्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी, एस.टी.चे भाडे हे काही धरलेलेच नाही.

या ठिकाणी स्पेनचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि नेहमीच चुकीच्या कारणासाठी. १९८९ मध्ये तेथे राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाली तेव्हा दहा लाखांमागे मरणोत्तर दाते होते सुमारे १४. २०२३ मध्ये ते ४९ च्या घरात पोचले. तेथे ‘गृहीत संमती’चा कायदा आहे म्हणून हे घडले असे आपल्याकडे सांगितले जाते. वस्तुतः तो कायदा १९७९ चा. पुढील दहा वर्षे तो असूनही चित्र फारसे पालटले नव्हते, आणि घरच्यांना विचारल्याखेरीज तेथेही अवयव घेत नाहीत. या संघटनेचे संस्थापक डॉ. राफाएल मातेसान्स यांनी यशाचे श्रेय कायद्याला देण्यास वारंवार नकार दिला. त्यांनी केले ते एवढेच की प्रत्येक रुग्णालयात तेथील अतिदक्षता विभागाच्याच एका डॉक्टराला समन्वयक नेमले. हा डॉक्टर आपले नेहमीचे काम सांभाळून मेंदूमृत्यू वेळीच ओळखतो, देहाची निगा राखतो आणि घरच्यांशी बोलतो. आज तेथील दात्यांत हृदयक्रिया थांबून मृत्यू आलेल्यांचाही मोठा वाटा आहे व तो मार्ग आपल्याकडे अद्याप फारसा खुला नाही, हे मान्य. परंतु मूळ गुरुकिल्ली ती नव्हे. आपल्याकडील समन्वयक बहुधा समाजकार्याचे शिक्षण घेतलेला तरुण किंवा तरुणी असते. शोकाकुल कुटुंबाला धीर देण्याचे काम ही मंडळी ज्या आस्थेने करतात तिला तोड नाही. पण रात्री दोन वाजता रक्तदाब साठावर आला तर कोणते औषध किती वाढवावे हे सांगण्याचा अधिकार त्यांना नसतो. देशातही तामिळनाडूने २००८ पासून शासकीय आदेशांची जी मालिका काढली तिचा रोख सार्वजनिक रुग्णालयांनी मेंदूमृत्यू न चुकता प्रमाणित करावा यावर होता, आणि चेन्नईच्या शासकीय रुग्णालयाने खाजगी रुग्णालयांच्या बरोबरीने हे काम करून दाखविले.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतील दोन गंभीर आहेत. पहिला असा की, ‘दात्याची निगा’ म्हणता म्हणता डॉक्टर रुग्णाकडे रुग्ण म्हणून न पाहता अवयवांचे भांडार म्हणून पाहू लागतील. गरिबाच्या मनात ही भीती आहे, आणि १९९४ पूर्वी मूत्रपिंडांचा जो बाजार या देशात भरत होता तो पाहता ती निराधार म्हणता येत नाही. तिचे निवारण एकाच रीतीने होऊ शकते. दुसरे प्रमाणपत्र होईपर्यंत जे काही करावयाचे ते रुग्णाला वाचविण्यासाठी, आणि ते करणारे हात निराळे. सुदैवाने वैद्यकशास्त्र येथे पेच निर्माण करीत नाही. रक्तदाब राखणे, प्राणवायू राखणे, सोडियम सांभाळणे हीच डोक्याला इजा झालेल्या जिवंत रुग्णाचीही उत्तम शुश्रूषा होय. जेथे मेंदूच्या रुग्णांची निगा चांगली तेथे काही अधिक रुग्ण घरी जातात, आणि जे जात नाहीत त्यांचे अवयव सुस्थितीत असतात. जेथे निगा गलथान तेथे दोन्हीकडून नुकसान.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि त्याला इतके सोपे उत्तर नाही. देशात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. महाराष्ट्रात पंधरा हजारांवर. त्यांत दुचाकीस्वार आणि पादचारी अधिक, म्हणजे बव्हंशी साध्या परिस्थितीतील लोक. यांतील फारच थोडे श्वासयंत्रापर्यंत पोचतात, पण जे पोचतात त्यांतून दाते मिळतात. उलट हृदय, यकृत, फुप्फुसे बसविण्याचे काम मुख्यतः खाजगी रुग्णालयांत चालते आणि तेथील देयक भरणे शिक्षकाला वा कारकुनालाही परवडण्याजोगे नसते, मजुराची तर गोष्टच सोडा. सार्वजनिक रुग्णालयाने सार्वजनिक पैशाने देह राखावा आणि त्याचे फळ ऐपतदारांच्या वाट्याला जावे, ही व्यवस्था फार काळ लोकांच्या गळी उतरणार नाही, आणि उतरूही नये. तेव्हा दात्याच्या निगेवर सरकारने खर्च करावा ही मागणी करणाऱ्याने त्याच दमात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून प्रत्यारोपणाची सोय वाढविण्याचीही मागणी केली पाहिजे. निदान मूत्रपिंडापासून तरी आरंभ व्हावा. एक मागणी दुसरीवाचून लंगडी आहे.

एका घटकाचा उल्लेख या चर्चेत क्वचितच होतो, आणि तो म्हणजे परिचारिका. जो माणूस मृत म्हणून घोषित झाला आहे त्याचे डोळे पुसावयाचे, अंगावर ब्लँकेट घालावयाचे, दर तासाला नोंद करावयाची, शेजारच्या खाटेवरील जिवंत रुग्णाच्या हाकेलाही ओ द्यावयाची आणि दाराबाहेरच्या आईला काय सांगावे हेही तिनेच ठरवावयाचे. एका परिचारिकेकडे तीन-चार खाटा असताना हे काम होत नाही. झाले तर ते तिच्या सौजन्याने होते. सौजन्यावर चालणारी व्यवस्था रात्रपाळीत कोलमडते.

महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रे आहेत. अवयवांच्या वाटपाचे काम त्यांच्याकडे आहे. दात्याच्या निगेची जबाबदारीही त्यांच्याकडे स्पष्ट शब्दांत सोपवावी आणि त्यासाठी प्रत्येक केंद्राजवळ रात्रंदिवस दूरध्वनीवर उपलब्ध असणारा अतिदक्षता-तज्ज्ञ असावा. जिल्ह्यातील तरुण डॉक्टरला पुस्तक उघडण्यापेक्षा अनुभवी माणसाचा आवाज ऐकणे अधिक उपयोगी पडते. ज्या रुग्णालयात मेंदूमृत्यू प्रमाणित होऊन देहाची निगा राखली गेली त्याला, अवयव अखेर मिळोत वा न मिळोत, राज्याच्या निधीतून ठरावीक रक्कम आपोआप मिळावी. ही रक्कम निगेसाठी असावी, अवयवासाठी नव्हे, आणि हा भेद कागदावर ठळक असावा, नाही तर बाजार मागच्या दाराने परत येईल. अवयव मिळविणाऱ्या खाजगी रुग्णालयांकडून या निधीत वर्गणी घेण्यास काहीच हरकत नसावी. मृत्यूची व्याख्या सर्व कायद्यांत एकच करण्याचे काम संसदेचे आहे आणि त्याला वेळ लागेल. तोवर राज्याला आपल्या रुग्णालयांपुरता मेंदूमृत्यू प्रमाणित करण्याचा आदेश देता येतो, हे तामिळनाडूने दाखविले आहे.

आणखी एक काम तर बिनखर्चाचे आहे. अवयवदानाचे वार्षिक आकडे दिले जातात ते यशस्वी दात्यांचे. प्रत्येक रुग्णालयाने अतिदक्षता विभागाच्या नोंदवहीत दोन रकाने वाढवावेत : मेंदूमृत्यूचा संशय आला पण तपासणी झाली नाही असे किती, आणि घरच्यांनी होकार दिल्यानंतर शस्त्रक्रियेपूर्वी हृदय थांबले असे किती. दुसऱ्या रकान्यासमोर होकाराची वेळ आणि हृदय थांबल्याची वेळ लिहावी, आणि त्या दोहोंच्या मध्ये तासातासाला किती रक्तदाब नोंदला गेला तेही लिहावे. विभागीय केंद्रांनी ही नोंद दर तीन महिन्यांनी, रुग्णालयाच्या नावानिशी, प्रसिद्ध करावी.